पायथॉनमधली गणिती फंक्शन्स: बांधावरच्या मोजमापापासून हळदीच्या पट्टीपर्यंत

सांगली परिसरात बीसीए, बीसीएस किंवा डिप्लोमा करणारी बरीच मुलं प्रोजेक्टसाठी घरचाच विषय निवडतात. कुणी मामाच्या अडत दुकानाची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब, संगणकावर आणतं, कुणी बेदाण्याच्या बॉक्सचा हिशोब, तर कुणी शेताचं क्षेत्रफळ. त्यात लागणारं गणित शाळेतलंच असतं आणि पायथॉनमध्ये त्याची फंक्शन्स तयार मिळतात. तरीही उत्तरं चुकतात, कारण फंक्शनचं नाव माहीत असतं पण त्याचा नियम माहीत नसतो.

म्हणून कुठलंही फंक्शन वापरण्याआधी तीन गोष्टी पाहा. त्याला माप कुठल्या एककात हवं आहे? कुठल्या किमती ते स्वीकारतं? उत्तर नेमक्या कुठल्या नियमाने देतं? हे कळलं की आधी एक असं उदाहरण चालवा, ज्याचं उत्तर तुम्हाला कागदावर काढता येतं. खालची सगळी उदाहरणं मी याच पद्धतीने घेतली आहेत.

सुरुवातीची तयारी

पायथॉन ३ संगणकावर घ्या आणि त्याच्यासोबत येणारं आयडल, म्हणजे कोड लिहायची आणि चालवायची खिडकी, उघडा. वेगळं काहीही बसवावं लागत नाही. एबीएस, राउंड, मिन, मॅक्स, सम, पॉव आणि डिव्हमॉड ही फंक्शन्स थेट चालतात. बाकीची मॅथ नावाच्या मॉड्यूलमध्ये असतात, ते एकदा मागवावं लागतं:

इम्पोर्ट मॅथ

लेखात फंक्शनची नावं आणि अंक देवनागरीत छापले आहेत. कोड टाइप करताना नावं इंग्रजी अक्षरांत आणि अंक इंग्रजीत द्यायचे. वर्गमूळाचं फंक्शन एस, क्यू, आर, टी अशा चार अक्षरांचं आहे, ते इथे 'एसक्यूआरटी' असं दिसेल.

व्हेरिएबलची नावं मात्र खरोखरच मराठीत चालतात. 'वजन', 'दर', 'रक्कम' अशी नावं पायथॉन ३ बिनतक्रार घेतं. आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते. कोडमध्ये लिहिलेला आकडा इंग्रजीच लागतो, पण वापरणाऱ्याने चौकटीत '१२५' असं देवनागरीत टाइप केलं तर इंट (पूर्णांक करणारं) आणि फ्लोट (दशांश आकडा करणारं) ही फंक्शन्स त्याचा बरोबर १२५ हा आकडा करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी प्रोग्राम करत असाल तर ही सोय जरूर ठेवा.

वर्गमूळ: वेड्यावाकड्या रानाचं क्षेत्रफळ

लांबी गुणिले रुंदी हे चौकोनी रानाला चालतं. कृष्णाकाठची रानं सहसा इतकी सरळ नसतात. अशा वेळी रानाच्या चार बाजू आणि एक कर्ण टेपने मोजा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने निघतं. त्यासाठी कोन मोजावा लागत नाही, तीन बाजू पुरतात. एक काळजी घ्या: दोन्ही त्रिकोण कर्णाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना पडले पाहिजेत. रानाचा एखादा कोपरा आत शिरलेला असेल तर कर्ण त्याच कोपऱ्यातून घ्या.

अर्ध = (अ + ब + क) / २
क्षेत्र = मॅथ.एसक्यूआरटी(अर्ध * (अर्ध - अ) * (अर्ध - ब) * (अर्ध - क))

आधी ओळखीचा त्रिकोण घ्या: ९०, १२० आणि १५० फूट. हा काटकोन त्रिकोण आहे, म्हणजे क्षेत्रफळ ९० गुणिले १२० भागिले २, अर्थात ५४०० चौरस फूट. अर्ध १८० येतो, कंसांचा गुणाकार २,९१,६०,००० येतो आणि त्याचं वर्गमूळ ५४००. सूत्र बरोबर लिहिलं गेलं आहे याची आता खात्री झाली.

समजा त्याच १५० फुटी कर्णाच्या पलीकडचा त्रिकोण १३०, १४० आणि १५० फुटांचा आहे. त्याचं क्षेत्रफळ ८४०० चौरस फूट येतं. दोन्ही मिळून १३,८०० चौरस फूट. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, म्हणून:

गुंठे = १३८०० / १०८९

उत्तर १२.६७ च्या आसपास. घरात कुणी 'किती गुंठे, किती आणे' असं विचारलं तर मॅथ.मॉडएफ हे फंक्शन आकड्याचा अपूर्णांक आणि पूर्ण भाग वेगळे करून देतं, अपूर्णांक आधी. सोळा आण्यांचा गुंठा, म्हणून अपूर्णांकाला १६ ने गुणा: १२ गुंठे आणि जवळपास पावणेअकरा आणे. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. चौरस फुटांना ०.०९२९०३०४ ने गुणलं की चौरस मीटर मिळतात, त्यामुळे हेच रान १२.८२ आर भरतं. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा असल्याने गुंठा आणि आर यांत थोडा फरक राहणारच. हा हिशोब ठिबकची नळी, बियाणं, मजुरी यांच्या अंदाजासाठी आहे. हद्दीच्या वादात भूमी अभिलेखची मोजणीच ग्राह्य धरतात.

आता बाजू ४०, ५० आणि १०० फूट देऊन पाहा. प्रोग्राम व्हॅल्यूएरर देऊन थांबतो. ४० आणि ५० मिळून ९० होतात, त्यातून १०० फुटांच्या बाजूवर त्रिकोण बसतच नाही. वर्गमूळाच्या आतली संख्या उणे झाली आणि एसक्यूआरटी उणे संख्या घेत नाही. बरेच जण अशा वेळी आत एबीएस घालून एरर घालवतात. असं करू नका. टेपचं वाचन कुठेतरी चुकलं आहे, हेच तो एरर सांगतो आहे. तो गप्प केलात तर चुकीचं क्षेत्रफळ निमूटपणे कागदावर येईल. त्याऐवजी एरर पकडून 'मापं पुन्हा तपासा' असा संदेश दाखवा.

राउंड: पट्टीतला पैसा

सगळ्यांत जास्त तक्रारी ज्यावरून येतात ते हे फंक्शन, त्यामुळे इथे थोडं थांबू.

राउंड(२.५) चालवा. उत्तर ३ नाही, २ येतं. राउंड(३.५) चं ४ येतं आणि राउंड(०.५) चं ०. हा बिघाड नाही. आकडा बरोबर मधोमध असेल तर पायथॉन ३ जवळच्या सम संख्येकडे जातं. नेहमी वरच ढकललं तर लांबलचक यादीच्या बेरजेत थोडी थोडी वाढ साचत जाते, ती टाळण्यासाठी हा नियम आहे. आपण शाळेत शिकलो तो नियम वेगळा: अर्धा किंवा जास्त असेल तर वर. एक्सेलचं राउंडही २.५ चे ३ करतं. दुकानातला हिशोबनीस एक्सेलशी ताडून बघणार आणि 'तुझा प्रोग्राम रुपया खातो' म्हणणार, हे ठरलेलं.

दुसरी अडचण खोल आहे. समजा २६७ रुपये ५० पैशांवर एक टक्का शुल्क लावायचं आहे. कागदावर २.६७५ येतात, म्हणजे २ रुपये ६८ पैसे. पायथॉनमध्ये:

राउंड(२६७.५ / १००, २)

उत्तर २.६७. इथे सम संख्येचा नियम लागलेलाच नाही, कारण तो लागला असता तर ८ ही सम संख्या आली असती. खरं कारण असं की २.६७५ हा आकडा संगणकात नेमका मावत नाही. दशांश अपूर्णांक ६४ बिटांच्या द्विमान रूपात साठवले जातात, त्यांतले अचूकतेसाठी ५३ बिट. यासाठीचं आयईईई ७५४ हे मानक १९८५ सालचं आहे. त्या रूपात २.६७५ ला सर्वांत जवळची जी किंमत मिळते ती २.६७४९९९९९९... अशी, म्हणजे मधल्या रेषेच्या किंचित खाली. राउंडने तिला खाली नेलं यात त्याचं काही चुकलं नाही. ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ दिसतं तेही यामुळेच.

यावर दोन चांगले मार्ग आहेत.

पहिला: रुपये ठेवूच नका, सगळं पैशांत ठेवा. पूर्णांकांत पायथॉनची कधीच चूक होत नाही, आकडा कितीही मोठा असला तरी. २६७.५० म्हणजे २६,७५० पैसे. एक टक्का काढून अर्ध्याला वर न्यायचं तर:

शुल्क = (२६७५० + ५०) // १००

उत्तर २६८ पैसे. दोन तिरप्या रेघांचं चिन्ह म्हणजे भागाकाराचा पूर्ण भाग. धन रकमांसाठी ही युक्ती चोख आहे.

दुसरा: डेसिमल मॉड्यूल. ते दशांश आकडे जसे लिहिले तसेच ठेवतं आणि नियम तुम्ही सांगायचा.

फ्रॉम डेसिमल इम्पोर्ट डेसिमल, राउंड_हाफ_अप
रक्कम = डेसिमल("२.६७५")
रक्कम.क्वांटाइज(डेसिमल("०.०१"), राउंडिंग=राउंड_हाफ_अप)

आता २.६८ मिळेल. अवतरण चिन्हं विसरू नका. डेसिमल(२.६७५) असं लिहिलंत तर आधी फ्लोट तयार होतो, चूक तिथेच शिरते आणि डेसिमल ती इमानेइतबारे जपून ठेवतं. राउंडिंगचा नियमही दर वेळी लिहा. न लिहिल्यास इथेही सम संख्येचाच नियम लागतो.

माझं मत विचाराल तर दुकानाच्या बिलिंगला डेसिमल घ्या. पैशांचा मार्ग वेगवान आहे, पण दर क्विंटलचा, वजन किलो-ग्रॅमचं आणि शुल्क टक्क्यांत आलं की शंभराने कुठे भागलं, हजाराने कुठे, याचा गोंधळ उडतो.

राउंड कुठे करायचं हाही प्रश्न आहेच. पट्टीत १० रुपये ४० पैशांच्या तीन ओळी असल्या आणि प्रत्येक ओळ पूर्ण रुपयांत आणली तर बेरीज ३० होते. आधी बेरीज करून मग राउंड केलं तर ३१ रुपये २० पैशांचे ३१ होतात. दोन्हींत गणित बरोबरच आहे. दुकानात कुठली रीत चालते ते जुन्या हाती लिहिलेल्या पट्ट्या काढून बघा, मालकाला विचारा आणि मगच कोड लिहा. शेतकऱ्याच्या हातात जाणारा कागद आहे, त्यातला रुपया कुठून आला किंवा गेला हे सांगता आलं पाहिजे.

फ्लोअर, सील आणि डिव्हमॉड

तासगावच्या बेदाण्याचं उदाहरण घेऊ. १००० किलो माल, १५ किलोचा बॉक्स. डिव्हमॉड(१०००, १५) एकाच वेळी दोन उत्तरं देतं: ६६ आणि १०. म्हणजे ६६ बॉक्स भरून १० किलो उरतात. रिकामे बॉक्स किती मागवायचे याला मॅथ.सील(१००० / १५), उत्तर ६७. भरलेले पूर्ण बॉक्स किती याला मॅथ.फ्लोअर, उत्तर ६६. सील वर नेतं, फ्लोअर खाली.

खाली म्हणजे शून्याकडे नव्हे, हे उणे संख्यांत कळतं. खात्यावर उणे २५०.६० असेल तर फ्लोअर उणे २५१ देतं आणि इंट उणे २५०. इंट फक्त अपूर्णांक छाटतं. त्याचप्रमाणे उणे ७ // २ चं उत्तर उणे ४ येतं. सी किंवा जावा शिकून आलेल्यांना तिथे उणे ३ ची सवय असते, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

हळद पावडरीची १०० ग्रॅमची पाकिटं करताना १ // ०.१ असं लिहिलं तर उत्तर ९.० येतं, दहा नाही! ०.१ हा आकडा साठवताना किंचित मोठा झालेला असतो, म्हणून दहावं पाकीट बसत नाही. ग्रॅममध्ये लिहा: १००० // १०० चे बरोबर १०. वजन असो वा पैसा, मोजणी करायची तर लहान एककातल्या पूर्णांकात करा.

सांगलीकरांना जवळचं एक उदाहरण पाण्याच्या पातळीचं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फूट-इंचांत सांगतात, इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर. पावसाळ्यात या आकड्यांचा तक्ता करणारे विद्यार्थी '४० फूट ९ इंच' हे ४०.९ आणि '४० फूट १० इंच' हे ४०.१० असं भरतात. पायथॉनला ४०.१० म्हणजे ४०.१. मग मॅक्स या फंक्शनला ४० फूट ९ इंच ही पातळी जास्त वाटते आणि चढतं पाणी उतरल्यासारखं दिसतं. पुराच्या दिवसांत अशी चूक जिवावर बेतू शकते. फूट आणि इंच वेगळे घ्या, फूट गुणिले १२ अधिक इंच असे एकूण इंच करा, तुलना आणि सरासरी त्यावरच काढा. दाखवताना परत डिव्हमॉड: डिव्हमॉड(६९०, १२) म्हणजे ५७ फूट ६ इंच.

कोन: चिमणीची उंची

साखर कारखान्याच्या चिमणीच्या पायथ्यापासून ६० मीटरवर उभं राहा, मोबाइलमधल्या कोनमापकाने टोकाचा कोन घ्या. समजा ४० अंश आला. उंची म्हणजे ६० गुणिले टॅन ४०.

६० * मॅथ.टॅन(४०)

उत्तर उणे ६७ मीटर! चिमणी जमिनीखाली गेली. मॅथमधली साइन, कॉस, टॅन ही सगळी फंक्शन्स कोन अंशांत नव्हे तर रेडियन या दुसऱ्या एककात घेतात आणि अंश दिले तर एररही देत नाहीत. आधी बदलून द्या:

६० * मॅथ.टॅन(मॅथ.रेडियन्स(४०))

आता ५०.३ मीटर येतात. त्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवा. इथे उत्तर उणे आलं म्हणून चूक दिसली. दुसऱ्या एखाद्या कोनाला धन पण चुकीचं उत्तर येऊ शकतं आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

साइन ३० अंशांचं उत्तर अर्धा, हे पाठ असतं. पायथॉन मात्र ०.४९९९९९९९९९९९९९९९४ दाखवतं. म्हणून अशा दोन किमती सारख्या आहेत का हे दुहेरी बरोबर-चिन्हाने तपासू नका, मॅथ.इजक्लोज वापरा. शून्याशी तुलना असेल तर इजक्लोजला एबीएस_टीओएल ही मोकळीक वेगळी सांगावी लागते, कारण एरवी ते प्रमाणात फरक बघतं आणि शून्याच्या प्रमाणात काहीच जवळ नसतं.

सातारा ते सांगली, सरळ रेषेत

नकाशाचे प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी हे. सातारा अंदाजे १७.६८ उत्तर, ७४.०० पूर्व आणि सांगली १६.८५ उत्तर, ७४.५७ पूर्व. मॅथ.डिस्ट ला हे दोन बिंदू दिले तर १.००७ असं उत्तर येतं. ते अंशांत आहे आणि तसं काही कामाचं नाही, कारण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखूड होत जातो. यासाठी हॅवरसाइन सूत्र वापरतात:

१. चारही आकडे मॅथ.रेडियन्सने बदला.
२. अक्षांशांतला फरक आणि रेखांशांतला फरक काढा.
३. अर्ध्या अक्षांश-फरकाच्या साइनचा वर्ग घ्या. त्यात दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि अर्ध्या रेखांश-फरकाच्या साइनचा वर्ग यांचा गुणाकार मिळवा.
४. या बेरजेचं वर्गमूळ घ्या, त्यावर मॅथ.एसाइन लावा, आणि २ गुणिले ६३७१ ने गुणा.

६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या किलोमीटरमध्ये. उत्तर ११० किलोमीटरच्या आसपास येतं. कराड, पेठ नाका करत जाणारा रस्ता यापेक्षा लांबचा भरतो, तसा तो भरायलाच हवा. तुमचं उत्तर रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त आलं तर रेडियन्स कुठेतरी राहिलं आहे.

लॉग आणि व्याज

पतसंस्थेत वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने ठेव किती वर्षांत दुप्पट होईल?

मॅथ.लॉग(२) / मॅथ.लॉग(१.०८)

जरा नऊ वर्षांहून जास्त. इथे लॉगचा पाया कुठलाही असला तरी भागाकारात फरक पडत नाही. एकटा लॉग वापरताना मात्र पडतो: मॅथ.लॉग नैसर्गिक लॉगरिदम देतं, शाळेच्या तक्त्यातला दहाच्या पायाचा नव्हे. त्यासाठी मॅथ.लॉग१० आहे आणि तेच वापरा. मॅथ.लॉग(१०००, १०) लिहिलं तर २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं, त्याला इंट लावलं की ३ चे २ होतात. लॉग१०(१०००) नीट ३.० देतं. शून्य किंवा उणे आकड्याला व्हॅल्यूएरर येईल.

लांब यादीची बेरीज आणि आवृत्तीचा प्रश्न

०.१ दहा वेळा असलेल्या यादीला सम लावलं तर जुन्या पायथॉनवर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. मॅथ.एफसम नेमकं १.० देतं. पायथॉन ३.१२ पासून समच्या आतली पद्धत सुधारली आहे, त्यामुळे नव्या संगणकावर दोन्हींत हा फरक दिसणार नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुनी आवृत्ती आणि घरी नवी असेल तर एकाच कोडची दोन उत्तरं बघून घाबरू नका. दशांशांची लांब यादी असेल तर सरळ एफसम लिहा.

आवृत्तीचा प्रश्न इतर फंक्शन्सनाही आहे. डिस्ट, कोम्ब, पर्म, प्रॉड आणि पूर्णांकाचं वर्गमूळ देणारं आयएसक्यूआरटी ३.८ पासून मिळतं, लसावि काढणारं एलसीएम ३.९ पासून, घनमूळाचं सीबीआरटी ३.११ पासून. सरासरी आणि मध्यक यांसाठी स्टॅटिस्टिक्स मॉड्यूल ३.४ पासून आहे. तुमच्या संगणकावर काय काय आहे हे पाहायला डीआयआर(मॅथ) चालवा, आणि एखाद्या फंक्शनचा नियम वाचायला हेल्प(मॅथ.सील) असं लिहा. दुकानात किंवा कॉलेजात प्रोग्राम बसवायला जाण्याआधी तिथल्या संगणकावरची आवृत्ती विचारून घ्या, आणि ९०-१२०-१५० चा त्रिकोण व २६७.५० चं शुल्क ही दोन उदाहरणं तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा चालवा.